मेळम वाजायच्या आधी

हळदीने माखलेला एक तांदूळ, फणीच्या दातांत अडकलेला... कालच्या अक्षतांतला. अलमेलूने तो नखाने सोडवला, आणि पुन्हा तेच – ती शिंक.

एकच, मंडपाच्या डाव्या बाजूने. भटजींनी बोट वर केलं होतं, "गेट्टी मेळम, गेट्टी मेळम!" असं ओरडलेही होते – मंगळसूत्र बांधताना इतक्या जोरात वाजवायचं की अभद्र काही कानावर पडूच नये, त्यासाठीच तर त्या वाजंत्र्यांना बोलवायचं – आणि तविलवाला मेला ढोल बडवायचा सोडून बोटांवरच्या टोप्या घट्ट करत बसला होता! तेवढ्या फटीत ती शिरली...

चांगलं तेच आठवायचं, असं तिने सकाळी उठल्या उठल्या ठरवलं होतं. पायसम सगळ्यांनी मागून मागून घेतलं. विहीणबाईंनी कशालाच नाक मुरडलं नाही. जावई तर गुणाचा. मन तेवढ्यापुरतं मान डोलवायचं आणि पुन्हा त्या डाव्या बाजूला जाऊन उभं राहायचं. मन कसलं, माशीच ती. अख्खं अंग सोडून नेमकी जखमेवर बसणारी.

"अहो, तुम्हाला खरंच ऐकू आली नाही?"

"रीतीप्रमाणे नवरी पोर माझ्या मांडीवर बसली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या," सारनाथन पेपराआडून म्हणाले. "मुंग्या सोसू की शिंका ऐकू? तुला जिवाला घोर लावून घ्यायला काहीही पुरतं."

दुपारी वैदेहीचा फोन आला.

"अम्मा, इथली कॉफी म्हणजे नुसतं पाणी गं! सासूबाईंना सांगू कसं?" ती हसली, आणि हसता हसता तिने नाक ओढलं.

"सर्दी झालीय? सगळं ठीक आहे ना? खरं सांग."

"अम्मा! काही झालेलं नाही." मग जरा हळू आवाजात, "ऐक ना. मंगळसूत्र बांधलं तेव्हा मी कशी दिसत होते? हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना."

अलमेलूने आठवून पाहिलं. खाली घातलेली मान – ती आधीची. ओले डोळे – ते नंतरचे. मधे नुसत्या डाव्या बाजूच्या खुर्च्या, माणसं, कुणाचा तरी रुमाल... कोण शिंकलं ते बघायला ती वळली होती.

"लक्ष्मीसारखी."

"पण हसत होते की रडत?"

"हसत होतीस," ती म्हणाली.

फोन ठेवला. शिंक आता ऐकू येत नव्हती. सकाळपासून एवढंच तर हवं होतं... व्हिडिओ येईल थोड्या दिवसांत. वैदेही तो इथेच बघेल, माझ्या शेजारी बसून. त्यात सगळे तिच्याकडे बघत असतील, आणि मी, तिची आई, तिच्या अगदी जवळ उभी, तोंड फिरवून.