थळच्या टर्बाइनातला वेताळ

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण त्रेसष्ट साली थळच्या बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र मूठभर तांदूळ खाऊन धावलं. सारा गाव बघायला लोटला होता.

यंत्र म्हणजे गॅस टर्बाइन, विमानाच्या इंजिनाचा थोरला भाऊ. मालकानं कुठूनसं जुनं उचललेलं. ते समुद्राचा वारा गिळायचं आणि त्याच्या जोरावर बर्फ व्हायचा. वर्षभरात त्याला धाप लागली. बर्फ आटला, होड्यांतली मासळी कुजू लागली, कोळणी रडकुंडीला आल्या. तेवढ्यात वायुनाथबुवा उगवले. अंगाला राख, डोळ्यांत काजळ, नजर पापलेटांच्या पाटीवर.

"यंत्रात वेताळ बसलाय! दर सोमवारी अक्षता, आणि मला एक पाटी पापलेट!"

बुवांनी 'ह्रीं फट्' करत चालत्या यंत्राच्या तोंडात अक्षता भिरकावल्या. खडखडाट झाला आणि चाक खरंच जोरात घुमलं! माणसं बुवांच्या पायांशी पालथी पडली. तीन दिवसांत यंत्र पुन्हा धापा टाकू लागलं.

"वेताळ चिवट हाय," बुवा म्हणाले. "पाट्या दोन करा."

पुढच्या सोमवारी शाळेच्या श्यामलाबाईंनी बुवांच्या हातातलं अक्षतांचं सूप काढून ठमी कोळणीला दिलं.

"ठमे, मंत्र नको. शिवी दे आणि टाक."

ठमीनं बुवांकडं बघूनच शिवी हासडली. चाक तसंच घुमलं!

"बुवा, वेताळाला शिवीही चालते वाटतं?" बाईंनी विचारलं.

बाईंनी यंत्र थांबवून झाकण काढायला लावलं. पात्यांवर मीठ-धुळीचा जाड थर. "याच्यामुळं पुरेशी हवा आत शिरत नाही. तांदूळ थोडं खरवडतात, बस्स. मी चौकशी केलीय, बुवा पूर्वी विमानतळावर झाडू मारायचे, तिथं पाहिलीय त्यांनी ही युक्ती."

मालक कुरकुरला, "पण धुवायचं तर अर्धा दिवस यंत्र बंद! बर्फाच्या चाळीस लाद्या बुडतात."

"आणि न धुता रोज वीस बुडतात, त्या? वर तेल जास्त जळतं ते वेगळंच. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवा. आणि गावकऱ्यांनो, नवस बोलण्याआधी झाकण उघडून बघत जा!"

बुवा पाट्या टाकून पळाले. "आणि 'भोंदू' म्हणून पहिली आरोळी ठोकली, ती मी!" असं मी परवा पोरांना सांगत होतो.

शेजारी सुकट निवडत बसलेली ठमी कडाडली, "खोटं! त्या दिशी बुवाच्या डोक्यावर छत्री धरून कोन उभा व्हता रं, दादू? तूच न्हाय का?"