दोन दवाखान्यांच्या मधे

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. पाऱ्याची नळी, दंडाला बांधायचा पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. गल्लीतल्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षे गेली. लोक मला घाबरत, पण माझ्यावर विश्वासही ठेवत.

एकदा समोरच्या दुकानातल्या शिवणवाल्या मावशी आल्या. छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. माझा पारा मात्र नेहमीच्या जागी, रक्तदाब अगदी ठीक. सोबत आलेले यजमान सुटकेचा निःश्वास टाकून उठलेच. डॉक्टरबाईंनी पट्टा सोडला, पण मावशींचा हात सोडला नाही. मग कळले, आई गेल्यापासून मावशींना कापडाला कात्री लावायचीही भीती वाटत होती. मनही आजारी पडते आणि औषधाने बरे होते, असे बाईंनी दोघांना समजावले.

मनाचे डॉक्टर दूरच्या मोठ्या इस्पितळात. नंबर लागेपर्यंत कित्येक महिने गेले, पण गुण आला. मावशी पुन्हा शिवायला बसल्या. माझ्या विरलेल्या पट्ट्याला त्यांनी हौसेने नवी खोळ शिवली.

पुढे तिकडचे डॉक्टर बदलले, तारीख लांबली, गोळ्या संपल्या. बरे वाटतेय, तर यजमानांचा कामाचा खाडा कशाला, असे मावशींना वाटले. बाई समजल्या, त्या तिकडे जात असतील. तिकडचे समजले, त्या इकडे दाखवत असतील.

वर्षाने यजमानांनी त्यांना धरून आणले. दुकान बंद, नजर जमिनीवर. पट्टा बांधताना त्यांचा दंड मला ओळखू आला नाही.

"आधीच आलो असतो," यजमान म्हणाले, "पण वाटलं, हे दुखणं तुमच्याकडचं नाही."

बाईंनी मावशींचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "माझ्या दारावरून रोज जात होतात. मी एकदा तरी हाक मारायला हवी होती."

आता दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलतात. गोळ्या इथेच मिळतात. मावशी हळूहळू सावरत आहेत, पण शिलाई मशीन विकले गेले ते गेलेच.

बटणाचे नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, रक्त किती जोराने धावते एवढेच मला कळायचे. माणूस आतून किती खचला आहे, ते विचारावे लागते. आणि त्याला बरे वाटू लागले, तरी विचारत राहावे लागते.