सायकलची ओळ

मास्तरांनी ‘सेक्रेतो’ लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं. टेबलापलीकडे काकू मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. परदेशातल्या सुनेची स्पॅनिश पत्रं आठ वर्षं त्या मास्तरांकडूनच वाचून घेत आणि उत्तरंही त्यांच्याकडूनच लिहून घेत. एरवी मजकूर ठरलेला असे: तब्येत, हवापाणी, नातवाची उंची. आज मात्र त्या जन्मभर पोटात ठेवलेलं सांगायला आल्या होत्या.

काकूंचे यजमान चाळिशीत आंधळे झाले. कारखान्यातल्या भट्टीच्या धगीने डोळे गेले, असं काकूंनी जगाला सांगितलं आणि पोटच्या मुलालाही. खरं तर आजार घराण्यातलाच, सासऱ्यांनाही होता. मुलाचे डोळे शाबूत राहिले, पण चार महिन्यांपूर्वी तो तिकडेच अपघातात गेला. उरला सहा वर्षांचा नातू. वेळेत कळलं तर औषधाने नजर टिकते, असं परवाच डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं.

‘सेक्रेतो’ म्हणजे नुसतं गुपित, ते पोरंसोरंही ठेवतात. त्यापेक्षा ‘रेसेर्वा’ हा शब्द बरा, भिडस्त माणसाच्या अबोलपणाला शोभणारा. त्याने काकूंची अब्रूही राहिली असती. मास्तरांनी तो समजावून सांगितला.

“हे वाचून तिला राग येईल?” काकूंनी विचारलं.

“नाही येणार.”

“मग नको. आम्ही लपवलं, असं सरळ लिहा. चिडली तरच पोराला लगेच दाखवायला नेईल.”

मास्तरांनी ‘ओकुल्तामोस’ लिहिलं. आम्ही लपवलं. अक्षर जरा वाकडं आलं.

सुनेचं शेवटचं पत्र समोरच्याच फायलीत होतं. मुलगा गेल्यावर पंधरा दिवसांनी आलेलं. नातवाला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालंय, उजवाही अधू होतोय. वडिलांच्या घराण्यात कुणाला असा त्रास होता का, असं डॉक्टर विचारताहेत, ताबडतोब कळवा. त्या दिवशी काकूंचा चेहरा पाहून मास्तरांची जीभ रेटली नाही. तेवढा मजकूर त्यांनी गाळला आणि त्या जागी नातू सायकल शिकतोय, असं पदरचं घातलं. पुढच्या खेपेला खरं सांगू, असं ठरवलं होतं. पण पुढच्या खेपेला काकू जरा सावरलेल्या दिसल्या आणि मग तर मुळीच सांगवेना. उत्तराची वाट पाहून सून गप्प झाली. तिचं पुन्हा पत्र आलं नाही.

काकूंनी सही केली. उठता उठता थांबल्या.

“मास्तर, तिचं मागचं पत्र आहे ना? ती सायकलची ओळ तेवढी परत वाचा.”

मास्तरांनी फाईल उघडली, चष्मा पुसला, कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं.

“बघा,” काकू म्हणाल्या, “म्हणजे अजून वेळ आहे.”

मास्तर हो म्हणाले आणि पाकिटावर पत्ता घालू लागले.