हवालदार आणि मनुक्यांची खीर

मी एक जुना जर्मनचा टोप आहे, मित्रांनो. जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. खोटं वाटत असेल तर आजीला विचारा. कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला आणि जयाबाईंनी मला नाहूरच्या आपल्या घरी आणलं. त्यांच्या शेगडीवर मी वर्षानुवर्षं दूध तापवलं, वरण शिजवलं. "माझा टोप कधी दूध करपू देत नाही," असं त्या शेजारणींना सांगायच्या. मग घरात चकचकीत स्टील आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

जिन्याखाली हवालदार राहायचा. हा पिवळा कुत्रा अनोळखी माणसाला हुंगल्याशिवाय वर सोडत नसे, म्हणून त्याचं हे नाव. मी त्याचं ताट झालो. तो मला असा चाटायचा की घासायची गरज उरत नसे. शेगडीपेक्षा मला तेच जास्त आवडलं.

गेल्या बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर सगळ्या बिल्डिंगला खीर वाटली. जयाबाईंनी हात सैल सोडून मनुके घातले होते. खीरदानाची खीर टाकायची नाही, पायदळी येऊ द्यायची नाही, हा त्यांचा कडक नियम. पोरांना मनुके आवडत नव्हते आणि टाकायची तर चोरी. जयाबाईंची नात संघमित्रा मनुके वेचत जिन्याखाली आली आणि तिने ते माझ्यात टाकले.

"खा रे, तुझा पण सण आहे," ती म्हणाली.

तिचं बघून बाकीची पोरंही आली. मी काठोकाठ भरलो. हवालदाराने मला लख्ख केलं. मला वाटलं, मुक्या जीवाचीही आज पौर्णिमा झाली.

संध्याकाळी तो ओकला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे फिरकला नाही, पाण्यालाही तोंड लावेना.

"ऊन लागलंय त्याला. ताक दे गं," जयाबाई म्हणाल्या.

ताक माझ्यात तसंच पडून राहिलं, त्यावर माश्या बसल्या. हवालदार भिंतीकडे तोंड करून कण्हत होता आणि माणसं त्याला ओलांडून जात होती. मला फार भीती वाटली. शेवटी संघमित्राच्या वडिलांनी, धम्मपालने, त्याला गोणपाटात गुंडाळून रिक्षाने डॉक्टरकडे नेलं.

धम्मपाल परतला तो रिकाम्या हातांनी.

"किडनी गेली होती. डॉक्टर बोलले, मनुके कुत्र्याला विष असतात. द्राक्षं, चॉकलेट, कांदा पण," तो पायरीवर बसून म्हणाला.

"पप्पा, मी दिले," संघमित्रा म्हणाली.

"तू एकटीने नाही, बाळा. सगळ्यांनीच दिले," जयाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून घरात गेल्या.

तेव्हापासून जयाबाई खिरीत मनुके घालत नाहीत. संघमित्रा सणाच्या दिवशी सकाळीच मला पालथा घालते. मग कुणी काही टाकायला आलंच, तर ती हवालदाराची गोष्ट सांगते.

आज पुन्हा पौर्णिमा आहे. जयाबाईंचं सगळं घर गावी लग्नाला गेलं आहे, दाराला कुलूप आहे. मी उताणाच राहिलो आहे. जिन्याखाली आता एक पिल्लू आलं आहे, अजून नावही नसलेलं. भुकेने ते माझ्या काठावर पाय ठेवून आत बघतं आहे. वरून खिरीचा वास येतो आहे. यंदा ती दुसऱ्या घरी शिजली आहे. नवा राहायला आलेला विकी वाटी घेऊन खाली उतरतो आहे. मागून त्याच्या आईचा आवाज येतो.

"विकी, मनुके फेकायचे नाहीत हां."

"नाही गं, कुत्र्याला घालतो ना," तो म्हणतो.

मित्रांनो, मी दूध करपू दिलं नाही, पण मला ओरडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल, तर आधी धावत येऊन मला पालथा घाला. का, ते विकीला मागाहून सांगा.