डॉक्टरीणबाईंची उंच गाडी

माझा नवरा बेकरीत पाव भाजतो. मागच्या वर्षी माळ्यावरून मैद्याचं पोतं काढताना शिडी सरकली आणि त्याचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, "हात ठणठणीत आहे" असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगूनही टाकलं. पण त्या हातावरचा त्याचा विश्वास काही परत येईना. कप उजव्या हातात, किल्ली उजव्या हातात, डावा आपला पाहुण्यासारखा खिशात. मोटारसायकल तर त्यानं प्लास्टर असतानाच विकून टाकली होती. "क्लच दाबायला मनगट लागतं," एवढं बोलून विषय बंद.

पण रस्त्यात कुठे चांगली मोटारसायकल उभी दिसली, की हा बुटाची लेस बांधायला थांबायचा. बुटांना लेस नव्हती.

आमच्या मांजरीचा कान चिघळला म्हणून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तर दारातच एक गाडी उभी. लांबच्या प्रवासाची, उंच, रुंद हँडलची, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. एका पेटीला चांगला खोल पोचा. हँडलला पुठ्ठा लटकत होता: विकणे आहे.

"पोचा बैलाच्या शिंगाचा आहे," डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. साठीच्या, ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. या गाडीवरून त्यांनी गोठेच्या गोठे पालथे घातले होते. आता गुडघा कुरकुर करत होता, म्हणून फिरती बंद. "चालवून बघणार?"

"छे, मी सहज बघत होतो," नवरा म्हणाला.

"बघणार आहे तो," मी म्हणाले. "मांजर तेवढं आधी बघा."

कानात औषध घालून झालं. मांजरीला पिंजऱ्यात ठेवून बाईंनी आमच्या हातात दोन हेल्मेटं दिली. "जोडीनं बसा. एकट्यानं चालवून ही गाडी कळत नाही. मी स्कूटरवर मागे येते." नवरा मनगटाचं सांगू लागला तसं त्यांनी क्लचच्या दांडीजवळची छोटी चकती फिरवून दाखवली. "माझे हात लहान, म्हणून दांडी जवळ घेऊन ठेवलीय. दाबून बघा, लोण्यासारखी आहे."

गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू. नवऱ्याची मान लाल. मी काही बोलले असते, तर तो तिथेच उतरला असता. दुसऱ्या खेपेला गाडी निघाली. बाजार मागे पडला, मोठा रस्ता लागला, आणि माझ्यापुढची ती आखडलेली पाठ हळूहळू सैल होत गेली. एका वळणावर तर तो चक्क गुणगुणत होता. इतक्या महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. हेल्मेटची काच खाली होती म्हणून बरं.

कालव्याच्या कडेचा खडीचा चढ लागला तेव्हा मागून बाईंनी हात केला: इथून वळवा. नवऱ्यानं वेग कमी केला, हँडल वळवलं, पाय टेकवायला गेला आणि त्या बाजूला जमीनच खाली होती. गाडी सावकाश, अगदी आदबीनं, उजव्या अंगावर आडवी झाली. आम्ही दोघं वाळक्या गवतात.

लागलं काहीच नाही. पण त्याचा चेहरा बघवेना. "मी सांगत होतो," तो म्हणाला. "मी सांगत होतो ना तुला."

बाई स्कूटर लावून लंगडत आल्या. गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आधी माझी मान, मग त्याचा खांदा, मग मनगट. जनावराला तपासावं तसं तिन्ही दाबून बघितलं. मग वाकून इंजिन बंद केलं.

"सॉरी, बाई. जे नुकसान झालं असेल ते—"

"कसलं नुकसान? पहिल्याच आठवड्यात ही माझ्या हातून शेणाच्या खड्ड्यात गेली होती. मीही गेले. गोठेवालीनं आधी पोटभर हसून घेतलं, मग मला ओढून काढलं, गरम पाणी दिलं आणि गाडी उचलायची कशी ते शिकवलं. तिचं म्हणणं, बसलेली म्हैस उठवायची तशी उठवायची. इकडे या. तिच्याकडे पाठ करा."

नवरा सीटला पाठ लावून बसला. "एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला. आता हातांनी उचलू नका, पायांनी उचला. मागे मागे चालत या."

मी मदतीला पुढे झाले, तर बाईंनी मला अडवलं. खडी करकरली, त्याच्या कपाळावरची शीर फुगली, आणि ती एवढी मोठी गाडी उठून उभी राहिली. हँडल त्यानं डाव्या हातानं धरलं होतं. विचार न करता. मला दिसलं, बाईंना दिसलं.

"छान. आता इथेच परत वळवा," बाई म्हणाल्या. "पाय चढाच्या बाजूला टेकवा, उताराच्या नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गवतावर बसून घेतलं. "वळव की. मला घाई नाही. मांजरीला असेल."

तो हसला. वळवली. मग कुणी न सांगता पुन्हा एकदा वळवली.

गाडी आम्ही घेतली हे सांगायला नकोच. किल्ली देताना बाईंनी पेटीतून आपला रेनकोट काढून घेतला, टाकीवर दोन थापा मारल्या आणि कान खाजवणाऱ्या कुठल्याशा कुत्र्याकडे निघून गेल्या.

पुढच्या सुट्टीला आम्ही लांबच्या डोंगरावर गेलो. वरच्या कठड्यावर बसल्यावर नवऱ्यानं बाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"लवकर बोला, टेबलावर बोकड आहे."

"बाई, आम्ही वर पोचलो. डोंगरावर."

पलीकडे कात्री ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. "वारा आहे तिथे?" बाईंनी विचारलं.

"भरपूर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

"अगं, आभार मानायचे राहिलेच," नवरा म्हणाला. त्यानं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. मग आम्ही ठरवलं, उतरताना सरळ घरी जायचं नाही, आधी दवाखान्यात जायचं, बोकड अजून टेबलावर असला तरी.