छतांकडे तोंड केलेली ट्रॉली

मी एक जुनी ट्रॉली आहे, ट्रॅक्टरमागे जोडतात ती. बठिंड्याकडच्या एका गावात लोहाराने मला घडवलं ते गव्हासाठी. पुढे गहू, विटा, वऱ्हाड सगळं वाहिलं. कोण किती वजनाचं, हे मला चाकांत कळतं. पण मित्रांनो, मला खरं वेड लावलं ते नाटकाने.

निरंजन मास्टर शाळेत शिकवत आणि पंजाबीत नाटकं लिहीत. पेरण्या उरकल्या की ते मला थोरल्या भावाकडून मागून नेत, गावोगावच्या चौकात माझे फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्या, सोडत, वर एक खाट टाकत. झाला रंगमंच.

"गहू नेला की दाम येतो. नाटक नेऊन काय आणतोस?" भाऊ विचारी.

"टाळ्या, वीरजी. त्यांना उंदीर लागत नाहीत."

मास्टरांची एक खोड होती. समोर खुर्च्या टाकून गावातली बडी मंडळी बसत, आणि मास्टर मला नेमकी त्यांच्याकडे पाठ करून लावत. तोंड घरांच्या छतांकडे. आमच्याकडे बायका चौकात पुरुषांत बसत नसत. त्या छतांवरून, ओढणीआडून बघत.

"मास्टर, आम्हाला नुसत्या पाठी दिसतात," सरपंच कुरकुरत.

"पाठही बोलते, सरदारजी. जरा कान द्या."

एकदा बापाने शाळेतून काढलेल्या मुलीचं नाटक चाललं होतं. छतावरून एक म्हातारी करवादली, "बापच किती वेळ बोलतोय? पोरीला तोंड नाही का?" पुढच्या गावी पोरगी बापापेक्षा जास्त बोलली. पोरीचं काम मास्टरांची बायको, प्रीतम कौर करी. लोकांचे टोमणे ती ओढणीवरच्या भुशासारखे झटकून टाकी.

मग मास्टर गेले. मी कीकराखाली, म्हणजे तुमच्या बाभळीखाली, गंजत राहिले. कोंबड्या माझ्यात अंडी घालत. दुपारी डोळा लागला की मला वाटे, खाटेचे पाय अजून पाठीवर आहेत.

त्यांच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, नवा सरपंच बलकार याने मला रंग दिला, हार घातला, मास्टरांची तसबीर वर ठेवली. वर भला मोठा मांडव. आधी भाषणं, वेळ उरला तर नाटक. मांडवाच्या कापडाने छतं पार झाकली होती. मला वाटलं, झालं. आता नाटकही तसबिरीत जाणार.

पांढऱ्या केसांची प्रीतम कौर उठली. "बलकार, कापड उतरव."

"बीबीजी, पाहुण्यांना ऊन लागेल."

"लागू दे. पाहुणे काही लोणी नाहीत. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्या वरती कापड बघत बसल्यात."

बलकारने खुर्च्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोर सुटले. कापड हळूहळू खाली आलं आणि आकाश माझ्यावर उतरलं. चहूकडे छतांवर ओढण्याच ओढण्या, जणू मोहरीचं शेत वर जाऊन बसलं होतं.

"पोरीचं काम आता माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही," प्रीतम कौर वर बघून म्हणाली. "कोणाला येतं?"

मग एक नवी सून शिडीवरून उतरू लागली. माहेरच्या छतावरून बघून तिच्या आईला हे नाटक तोंडपाठ झालं होतं, आणि आईकडून तिलाही.

वरून तिची सासू म्हणाली, "जा. पण घाई करू नकोस. पोळ्या मी लाटते."

पुरुषांनी बाजूला होऊन वाट दिली. माझ्या फाळक्यावर तिचा पाय पडला. मित्रांनो, इतकं हलकं वजन मी कधी उचललं नव्हतं.

म्हणून सांगते, जुन्या वस्तूला हार घालू नका. तिला कामाला जुंपा. आणि मांडव घालाल, तेव्हा आधी वर बघा, कोणी बसलंय का.