वळचणीखालच्या माळा

एतेरीच्या पायाला भिंगरी होती. जॉर्जियातून येऊन जपानात तिला इतकी वर्षं झाली होती की स्वप्नातसुद्धा ती कमरेत वाकून नमस्कार करायची. तेनर्यू नदीच्या खोऱ्यातल्या गावात ती बेकरीत पाव भाजायची, आणि सुट्टी आली की पाठीला पिशवी लावून निघायची. चेरी फुलायला लागली की फुलांच्या मागे मागे पार उत्तरेला. जूनमध्ये ओढ्याकाठी काजवे बघायला, ऑगस्टात नदीवरचं दारूकाम बघायला, आणि थंडीत समुद्रावर तरंगत येणारं बर्फ बघायला. एक बघून झालं की दुसरं बोलवायचं. घरी बसलं की भिंती सरकत जवळ येतात असं तिला वाटायचं.

आई गेली तेव्हा बर्फाच्या वादळात विमानांची उड्डाणं बंद होती आणि एतेरी विमानतळावरच्या बाकावर बसून राहिली होती. पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तेव्हापासून तिच्या जिवाला एकच घोर, कुठेही उशीर व्हायला नको. निदान फुलांना तरी नको.

तिच्या शेजारी फुसाए-सान राहायच्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या, जिभेने मात्र ताठ. त्यांच्या अंगणात पर्सिमनचं झाड होतं. त्याची फळं दिसायला टोमॅटोसारखी, पण नुसतं चावलं तर तोंड आकसून जाईल इतकी तुरट. शरद आला की फुसाए-सान ती सोलायच्या, देठाला दोरी बांधायच्या आणि बांबूला टांगून वळचणीखाली माळा सोडायच्या. मग थंड वारा खात, रोज थोडी थोडी चोळली जात ती फळं मऊ व्हायची आणि वर्षाअखेरीला त्यांच्या अंगावर साखर फुलायची.

यंदा त्या माळांवर फुसाए-सानचं घर टांगलेलं होतं. त्यांची मुलगी चिकागे नागोयाला राहायची. आईने आता एकटीने राहू नये, असा तिने ऑगस्टात पितरांच्या दिवसांत आली तेव्हा हट्टच धरला होता. दोघींची बरीच वादावादी झाली आणि शेवटी असं ठरलं, की यंदाची फळं दरवर्षीसारखी नीट तयार झाली तर चिकागे विषय काढणार नाही, आणि नाही जमलं तर आईने गुपचूप सामान बांधायचं.

आणि नेमक्या शेवटच्या माळा टांगताना फुसाए-सान स्टुलावरून घसरल्या. उजवं मनगट सुजून टम्म झालं.

"हाताला काय झालं?" एतेरीने कुंपणावरून विचारलं.

"हाताला काय होतंय? म्हातारा झालाय, रुसून बसलाय." मग आवाज उतरवून लाडाने त्या म्हणाल्या, "एतेरी-चान, चिकागेच्या कानावर जायला नको हं."

त्या दिवसापासून एतेरी बेकरीतून आली की फळं चोळायला बसू लागली. फुसाए-सान पडवीत शेजारी बसून चुका काढायच्या. "अगं, ते पावाचं पीठ नव्हे. तान्ह्या बाळाचा गाल समज." आणि मग तोंडातल्या तोंडात गुणगुणायच्या:

हळू दाब गं अंगठा, काया नाजूक सायीची
आत निजली गोडी, तिला ऊब गं आईची

दोन बोटांत धरायचं, आतली गाठ शोधायची, ती मोडायची पण फळ फुटू द्यायचं नाही. एतेरीच्या बोटांना ते लवकर जमलं. जिवाला जमेना. मेपलची पानं रंगायला लागली होती. क्योतोत तिने वसंतातच खोली ठरवून ठेवली होती. ती फळं चोळायची आणि मान वळवून डोंगरापलीकडे बघायची.

फुसाए-सानना ते दिसत नव्हतं थोडंच. "जा की," त्या म्हणाल्या. "पानं काय तुझ्यासाठी थांबणारेत? आकाश बघ कसं धुतल्यासारखं आहे."

त्या गावात घर सोडणारा "जाऊन येते" म्हणतो आणि घरी राहणारा "जाऊन ये" म्हणतो. दुकानात जायचं असो की परदेशी, त्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. एतेरीच्या रिकाम्या घरात हे कुणाला म्हणायचं? तिची सवयच मोडली होती. "निघते," इतकंच ती म्हणाली. फुसाए-सान मात्र ती वळणाआड जाईपर्यंत पडवीतून "जाऊन ये, जाऊन ये" करत डावा हात हलवत राहिल्या.

क्योतोत पानं लाल झाली होती, इतकी की खालच्या तळ्याला आग लागल्यासारखं दिसत होतं. एतेरी देवळाच्या बागेत गर्दीबरोबर सरकत होती. रखवालदार नम्रपणे सांगत होता, थांबू नका, पुढे चला. ती पुढे चालली होती, पण तिचा अंगठा पिशवीच्या पट्ट्यावर आपला आपणच दाबत होता, सोडत होता. गाठ शोधत होता. दुपारी वारा फिरला. दक्षिणेचा, कोमट, ओलसर, वाळत्या फळांना बुरशी आणणारा. चहाच्या टपरीवरची बाई आकाशाकडे बघून म्हणाली, आज काही खरं नाही, डोंगरापलीकडे तर पाऊस सुरूही झाला असेल.

एतेरीने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला.

"फुसाए-सान, तिकडे पाऊस आहे का?"

"पाऊस? छे गं. छान ऊन पडलंय. फळं मजेत आहेत. पानं बघतेस ना?"

त्यांच्या बोलण्यामागे पत्र्यावर ताशा वाजत होता. दुसऱ्याची सुट्टी मोडू नये म्हणून इथली माणसं भर पावसात उन्हाची शपथ घेतील, हे एतेरीला ठाऊक होतं.

"तुम्ही धापा का टाकताय?"

"मी? जेवण जास्त झालं."

एतेरीने फोन ठेवला आणि गर्दीच्या उलट दिशेने निघाली. माफ करा, माफ करा म्हणत, छत्र्यांखालून वाकत. गाडी नागोयाला पोचेपर्यंत ती बसलीच नाही, दारापाशी उभी राहिली. पुढे बसच्या काचेवरून थेंब आडवे पळत होते, आणि तिला वाटत होतं की ही बस नाहीच, हा तोच विमानतळावरचा बाक आहे.

दिवेलागणीला ती अंगणात शिरली. फुसाए-सान त्याच स्टुलावर उभ्या होत्या. एका खांद्यावर बांबू, डावा हात वर, अंगावरून पाणी निथळतंय. काही माळा पडवीत आल्या होत्या, बऱ्याच वाऱ्यावर भिजत झुलत होत्या. एतेरीने त्यांच्या खांद्यावरचा बांबू आपल्या खांद्यावर घेतला.

"पानं बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"लाल होती. आता उतरा खाली."

फुसाए-सानच्या घराला ओल होती, म्हणून सगळ्या माळा एतेरीकडे नेल्या. तिथे शेगडी होती. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांबू लागले. बुरशी धरू नये म्हणून रताळ्याच्या दारूत फडकं भिजवून एतेरी एकेक फळ पुसायला लागली, आणि पुसता पुसता, कुणी विचारलं नसताना, सांगायला लागली. तिच्या गावीसुद्धा ही फळं दोऱ्यात ओवून सज्जात टांगतात. शेवटच्या वर्षीही आईने टांगली होती. एतेरी पोचली तेव्हा ती तशीच लटकत होती, दगडासारखी कडक. लोक येऊन गेले, जेवून गेले. माळ कुणी उतरवलीच नव्हती.

फुसाए-साननी एक फळ तिच्या तळहातावर ठेवलं. "हे अजून आत कडक आहे बघ. दाब."

वाऱ्याच्या बाजूच्या माळांना बुरशी आलीच. ती फळं टाकावी लागली, आणि टाकताना फुसाए-सान दर फळाची माफी मागत होत्या. बाकीची तगली. एतेरी नंतरच्या सुट्ट्यांना कुठे गेली नाही. म्हणजे बसून राहिली असं नाही. चार फळं चोळायची, दाराशी जायची, आकाश बघायची, परत यायची. फुसाए-सान म्हणायच्या, तुझ्या येण्याजाण्याच्या वाऱ्यानेच फळं वाळतील.

डिसेंबरात चिकागे आली. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने रिकामी वळचण बघितली आणि तिचा चेहरा पडला. जिंकल्याचा नव्हता तो, घाबरल्याचा होता. फुसाए-सान तिला बोलू न देता शेजारच्या घरात घेऊन गेल्या. बूट काढून चिकागे आत आली आणि माळांखाली थबकली. फळांवर पहिलं हिव पडावं तशी साखर आली होती.

मग तिला आईच्या मनगटावरची पट्टी दिसली.

"म्हणजे तुला एकटीला जमलं नाहीच."

"एकटीने कधी जमवलं होतं गं? आधी स्टुलावर तुझे बाबा चढायचे."

चिकागे एतेरीकडे वळली. बोलणं आदराचंच होतं, पण धार होती. "एतेरी-सान, तुमचे उपकार आहेत. पण तुम्ही सारख्या बाहेर असता, सगळं गाव सांगतं. पुढच्या वेळी आई पडेल तेव्हा तुम्ही कुठल्या तरी देवळात फोटो काढत असाल."

खोटं बोलणं सोपं होतं. फुसाए-सान तिच्याकडे बघत होत्या, त्या नजरेसाठी एतेरीने कुठलंही वचन दिलं असतं. पण पुढे ते पाळलं गेलं नसतं.

"असेन," ती म्हणाली. "फेब्रुवारीत समुद्रावरचं बर्फ बघायला जाणारच आहे. मला राहवत नाही. पण जिथे असेन तिथून रोज फोन करेन. आणि तुमच्या आई 'छान ऊन पडलंय' म्हणाल्या की मिळेल त्या गाडीने परत फिरेन."

चिकागे आधी तिच्याकडे, मग आईकडे बघत राहिली. आईने मान फिरवून फळं चाचपायला घेतली. चिकागेला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. हे 'छान ऊन' तिनेही फोनवर वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

"चेरी फुलेपर्यंत राहा इथे," ती शेवटी आईला म्हणाली. "मग बघू."

फळांची खोकी भरताना तिने एक माळ काढून एतेरीच्या दाराला अडकवली.

फेब्रुवारीत एतेरी पाठीला पिशवी लावून निघाली. कुंपणापाशी थांबली. पुढे गेली, परत आली. पडवीत फुसाए-सान मांडीवर घोंगडी घेऊन बसल्या होत्या.

"जाऊन येते," एतेरी म्हणाली. तोंडाला सवय नव्हती, जीभ जरा अडखळली.

"जाऊन ये." फुसाए-साननी आता दोन्ही हात हलवले. ती वळणाशी पोचली तेव्हा मागून हाक आली, "इथे छान ऊन पडलंय हं!"

एतेरीने दचकून वर बघितलं. खरंच पडलं होतं. तरी बस येईपर्यंत ती मान वर करून आकाश बघत राहिली.